रुसायला घर

गाईडचा धंदा अर्धा पायांचा, अर्धा जिभेचा. त्या दिवशी माझे पाय चालत होते, जीभही चालत होती, पण जीव थाऱ्यावर नव्हता. दुपारच्या नमाजानंतर आमच्या घरी दोन नोटरी येणार होते. बाबा सही करणार आणि ऐन अझलितनच्या गल्लीतलं आमचं घर एका हॉटेलवाल्याचं होणार. खरेदीदार मी शोधला होता, भाव मी ठरवला होता. आईबाबांसाठी नव्या शहरातला फ्लॅटही मीच पाहिला होता, माझ्याच इमारतीत, माझ्या दोन मजले खाली. एकुलत्या मुलीने करायचं ते सगळं केलं होतं. तरी सकाळपासून काहीतरी खुपत होतं. त्या आठवड्यात माझं आणि माझ्या नवऱ्याचं, हिशामचं, बोलणं बंद होतं. त्यामुळेच असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि जुन्या शहराच्या वेशीवर, बाब बूजलूदच्या कमानीखाली, पाहुण्यांची वाट बघत उभी राहिले.

पाहुणे तिघेच होते. गुस्ताव्ह आणि मार्टीन हे बेल्जियमचं जोडपं, आणि रेमेदियोस नावाची स्पेनमधली एक निवृत्त शिक्षिका. तिघेही खाली गरनीझ भागातल्या एकाच हॉटेलात उतरले होते आणि चढ चढून धापा टाकत वर आले होते. गुस्ताव्हने 'सुप्रभात' म्हणायच्या आधी विचारलं, "ते चामडं रंगवायचे हौद कधी?"

"शेवटी," मी म्हटलं.

"आधी नाही जमणार?"

"आधी गेलात तर त्या वासाने दिवसभर जेवणार नाही तुम्ही."

फेस शहरात आलेल्या प्रत्येक माणसाला ते हौद बघायचे असतात. बाकी आठ-दहा हजार गल्ल्या आम्ही उगाच बांधून ठेवल्यात. उतारावरून निघालो. मागून गॅसच्या टाक्या लादलेलं खेचर आलं, खेचरवाला "बाजू, बाजू" ओरडला आणि मार्टीन भिंतीला चिकटली. रेमेदियोस मात्र खेचराच्या मानेला हात लावून बाजूला झाली. आपल्या सावकाश फ्रेंचमध्ये ती म्हणाली, "मॅडम नुफिसा, तुम्हाला एक गंमत सांगायची आहे. सकाळी आमच्या हॉटेलात..."

"सांगा हं, पण आधी हे दार बघून घ्या," मी म्हटलं. माझं दारांचं भाषण तिथेच सुरू होतं आणि ते मधे तोडलं तर मला पुढचं आठवत नाही.

भाषण असं: जुन्या घरांच्या दाराला दोन कड्या. वर मोठी, तिचा आवाज जड. ती परक्यांसाठी. ती वाजली की आतून "कोण?" असं विचारतात, बायका आत जातात आणि मग दार उघडतं. खाली लहान, तिचा आवाज किणकिणता. ती घरच्यांसाठी. ती वाजली की कुणी काही विचारत नाही, सरळ येऊन दार उघडतात. इथे पाहुणे नेहमी "वा" म्हणतात. गुस्ताव्ह म्हणाला, "आणि चोराने लहान कडी वाजवली तर?"

"आमच्याकडचे चोर गच्चीवरून येतात," मी म्हटलं, "त्यांना रीतभात कळते."

पुढचा थांबा अलालची भट्टी. आमच्या गल्लीतल्या बायका घरी पीठ मळतात, गोल पाव थापतात, फळीवर कापड घालून भट्टीवर पाठवतात. प्रत्येक घराची पावावर खूण वेगळी. कुणी काट्याने टोचतं, कुणी बोटाने चीर देतं. आमच्या आईची तीन टोचे आणि मधे एक चीर. अलाल फळी बघूनच कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाची सून आजारी आहे ते सांगतो, आणि विचारलं नाही तरी सांगतो. त्याच्या जिभेला हाड नाही. मी पाहुण्यांना विस्तवासमोर उभं केलं, लांब दांड्याचं फावडं दाखवलं, आणि अलाल मला अरबीत म्हणाला, "आई कुठंय तुझी?"

"घरी. का?"

"फळी नाही आली आज. तिचा बाप मेला होता त्या दिवशीही तुझ्या आईची फळी आली होती. आणि आज तर तुमच्याकडे नोटरी येणार. घर विकताना उपाशी विकणार की काय?"

ह्यालाही माहीत होतं. पाहुण्यांकडे बघून मी हसले, म्हटलं, "हे सांगताहेत, आज पीठ छान फुगलंय," आणि बाहेर येऊन घरी फोन लावला. बाबांनी उचलला.

"बाबा, आईची फळी भट्टीवर आली नाही."

"हमामला गेली असेल, अंघोळीला."

"आज मंगळवार. मंगळवारी आई कधी हमामला गेली?"

"मग मला काय विचारतेस? गाईड तू आहेस."

"बाबा."

बाबा म्हणाले, "उठलो तर हिचा बाहेर जायचा जेल्लाबा खुंटीवर नाही. चहाची किटली पालथी घालून ठेवलेली. फोन पावाच्या टोपलीत टाकून गेलीय."

"म्हणजे भांडलात."

"भांडण कसलं? काल रात्री मी एवढंच म्हटलं, उद्या नोटरी येतील, बदामाची बिस्किटं कर. तर म्हणाली, माझ्या घराच्या मयताला मीच बिस्किटं करू?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? मी झोपलो."

हे आमचे बाबा. जन्मभर त्यांनी शिंपीकाम केलं, भरजरी अंगरख्यांना गोंडे लावले. सुईत दोरा एका फटक्यात ओवतील, पण शब्द ओवायची वेळ आली की झोपतात. मी म्हटलं, "आई रुसून गेलीय, बाबा."

"सत्तराव्या वर्षी?"

"रुसायला वयाचा दाखला लागत नाही."

रुसून जायची आमच्याकडे रीत आहे. बायको रागावली की माहेरी जाते. मग नवऱ्याने स्वतः यायचं, निळ्या कागदातली साखरेची ढेप घेऊन. माहेरचे त्याला बसवतात, चहा देतात आणि मग घरातलं मोठं माणूस विचारतं, 'आमच्या मुलीला काय कमी केलंत?' त्याने उत्तर द्यायचं. माहेरच्यांनी अट घालायची, त्याने ती कबूल करायची, माहेरच्यांनी साखर ठेवून घ्यायची आणि मुलीने जेल्लाबा चढवायचा. मी स्वतः दोनदा रुसून आलेय. दोन्ही वेळा हिशाम आला, दोन्ही वेळा आमच्या घराच्या चौकात मान खाली घालून बसला, आणि दुसऱ्या वेळी तर बाबांनी त्याला तीन ग्लास चहा पाजून रडवलं. पण आई? पन्नास वर्षांत ती एकदाही गेली नव्हती. तिच्यासाठी साखर घेऊन कुठे जायचं हे बाबांना माहीतच नव्हतं.

पाहुण्यांना घेऊन मी निघाले आणि निघताच वाट सोडली. ठरलेला रस्ता सरळ मदरशाकडे जातो. मी डावीकडे वळले, कारण डावीकडे आईची मामेबहीण रहीमो राहते. माहेर म्हणजे माणसं, असं मी धरून चालले होते; माणसांपैकी एवढीच एक आसपास उरली होती. गुस्ताव्हने नकाशा काढला. "हा रस्ता यात नाही."

"नकाशात नसलेलंच दाखवायचं असतं," मी म्हटलं आणि पायऱ्या उतरले. पायाला भिंगरी लागली होती, मार्टीन मागे राहत होती आणि मी थांबत नव्हते.

रहीमोने खिडकीतूनच सांगितलं, "बतूल? नाही बाई आली. का गं, घर विकलंत म्हणे? मला सांगितलंही नाही." तिच्या तावडीतून सुटायला माझे दहा शब्द आणि तिचे शंभर शब्द लागले. हे तिघे खाली उभे राहून आमचं बोलणं एखाद्या नाटकासारखं बघत होते. रेमेदियोस म्हणाली, "सगळं ठीक आहे ना? मला मघाशी सांगायचं होतं, की आमच्या हॉटेलात सकाळी एक..."

"हो हो, एक मिनिट," मी म्हटलं आणि पुढच्या गल्लीत शिरले. पुढच्या गल्लीत बायकांचा हमाम होता. बाहेर बसलेल्या बाईला विचारलं. तिने मान हलवली. मग मौला इद्रीसच्या दर्ग्याकडे. रागावलेल्या बायका तिथेही जातात, मेणबत्ती लावतात, जाळीला हात लावून जे नवऱ्याला सांगता येत नाही ते संताला सांगतात. मेणबत्तीवाल्याने आईला पाहिलं नव्हतं. "पण आली तर कुणाचं नाव घेऊन मेणबत्ती लावू?" त्याने विचारलं. माझंच नाव सांगावं असं वाटलं.

मला राग येत होता आणि तो कुणाचा येतोय हे कळत नव्हतं. मी काय वाईट केलं होतं? गेल्या हिवाळ्यात बाबा गच्चीच्या जिन्यावरून घसरले. आमच्या गल्लीत रुग्णवाहिका येत नाही, एक बैल सुद्धा आडवा वळणार नाही तिथे. शेजाऱ्यांनी त्यांना भाजीच्या हातगाडीवर घातलं आणि वेशीपर्यंत ढकलत नेलं. गाडी दगडांवर उडत होती, बाबा ओठ दाबून होते, आणि कुठल्याशा पर्यटकाने फोटो काढला. त्या रात्री मी ठरवलं की हे घर पुरे. तेव्हापासून बाबा गल्लीबाहेर पडले नव्हते. आता आईला घरातल्या फरशा आठवत होत्या, मला ती हातगाडी आठवत होती.

एका नळाजवळ मी टेकले. तोंडावर पाणी मारलं. रेमेदियोस शेजारी बसली आणि ह्या वेळी तिने माझा हातच धरला, शाळेत दंगेखोर मुलाचा धरावा तसा. "आता ऐका," ती म्हणाली. "सकाळी आम्ही निघालो तेव्हा एक म्हातारी बाई आमच्या हॉटेलात आली. डोक्यावर फळी होती, कापड झाकलेली. काउंटरवरच्या मुलीशी तिची बोलाचाली झाली. मग ती आत गेली आणि जिन्यात बसली. मला वाटलं पाव विकणारी आहे. पण ती बसली होती ते मालकिणीसारखं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सकाळपासून ही बाई मला हेच सांगत होती आणि मी तिला दारांच्या कड्या दाखवत होते.

गरनीझमधलं ते हॉटेल म्हणजे माझं आजोळ. आजोबा रेशीमवाले होते. ते गेले, मग मामांनी घर विकलं, मामाही गेले, घराचं हॉटेल झालं. आठवड्यातून दोनदा मी पाहुण्यांना त्या दारात सोडते आणि सांगते, "हे एका रेशीमवाल्याचं घर." त्यापुढचं कुणी विचारत नाही, मी सांगत नाही. आई रुसून माहेरी गेली होती. माहेरी कुणी नव्हतं, तरी गेली होती. मी माणसं शोधत फिरले, ती घरी गेली.

आम्ही पोचलो तेव्हा दाराच्या दोन्ही पितळी कड्या चकचकत होत्या. पॉलिश करून त्या लाकडाला पक्क्या ठोकल्या आहेत, हलत नाहीत. शेजारी विजेची घंटा. काउंटरवरची सुकैना मला बघून धावत आली. "मॅडम, बरं झालं आलात. ही बाई उठतच नाही. मी काही वाईट बोलले नाही हो. पासपोर्ट मागितला फक्त."

आई तिसऱ्या पायरीवर बसली होती. चौकात गाद्यांच्या खुर्च्या होत्या, कारंजं होतं, त्यात गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या होत्या. तिने तिकडे पाठ केली होती. मला बघून ती दचकली नाही.

"आलीस," ती म्हणाली.

"आई, अगं सगळीकडे शोधलं तुला. काय हे?"

"लहान कडी वाजवायला गेले, हलेना. बोटं दुखली माझी. मग ती घंटा दाबली. ही पोरगी म्हणते, पासपोर्ट. मी म्हटलं, मी ह्याच घरात जन्मले, त्या वरच्या खोलीत. म्हणते, हो का, मग ओळखपत्र चालेल."

सुकैना लाजून काउंटरमागे गेली.

"आणि फळी कशाला आणलीस?"

"मळलेलं पीठ टाकून येऊ? रुसले होते, वेडी झाले नव्हते." आईने कापड नीट केलं. "इथला स्वयंपाकी चांगला आहे. भाजून देतो म्हणालाय."

मी तिच्या शेजारी बसले. पाहुणे चौकात घुटमळत होते. रेमेदियोसने त्यांना खुर्च्यांवर बसवलं आणि तोंडावर बोट ठेवलं. मी हळू आवाजात आईला सगळं सांगायला लागले: बाबांचे गुडघे, ओल आलेलं छत, हातगाडी, नव्या फ्लॅटचं गरम पाणी, लिफ्ट. महिनाभर हेच सांगत होते. आईने ऐकून घेतलं.

"झालं?" ती म्हणाली. "आता मला एक सांग. हिशाम बोलतो का तुझ्याशी?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? एरवी तुझा फोन आठवड्याला एक. ह्या आठवड्यात रोज दोन. 'आई, काय केलंस जेवायला?' माझ्या जेवणाची तुला कधीपासून काळजी?"

मी फळीवरच्या कापडाचं टोक दुमडत बसले.

"दोनदा आलीस तू माझ्याकडे," आई म्हणाली. "पहिल्यांदा रात्रभर रडलीस आणि दुसऱ्यांदा महिनाभर वरच्या खोलीत झोपलीस. मी विचारलं कधी, का आलीस म्हणून? तो आला तेव्हा अख्खं नवं शहर ओलांडून आला, उतार उतरून, साखर घेऊन, सगळ्या गल्लीने बघितलं. आता तू मला तुझ्याच इमारतीत नेऊन ठेवणार. मग रुसलीस की काय करशील? लिफ्टने खाली येशील? आणि तो तुला न्यायला येईल तो स्लिपर घालून. साखर नाही, काही नाही. म्हणेल, चल गं, टीव्हीवर सामना लागलाय."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. चुकीच्या वेळी चुकीच्या गोष्टीवर ती नेहमी बरोबर बोलते.

"हे घर विकलं तेव्हा मी गप्प बसले," आई म्हणाली. "भावांना म्हटलं, विका, मी कुठे रुसून येणार आहे? तुझे बाबा असे की त्यांच्यावर रागावलं तरी ते झोपतात. पण ह्या आठवड्यात मला राग आला. कुठे जायचं म्हटलं, तर इथे पासपोर्ट लागतो. पोरी, माझं जाऊ दे, माझं संपलं. तुझं कुठे संपलंय? स्वतःचं माहेर स्वतःच विकायला निघालीस, आणि वर भावही तूच ठरवतेस."

तेव्हा सकाळपासून काय खुपत होतं ते मला कळलं. हिशामचा त्यात काही संबंध नव्हता. मला भीती वाटत होती. घर गेलं की मला जायला जागा राहणार नाही, ही भीती, आणि घर राहिलं तर बाबा पुन्हा पडतील ही भीती. दोन्ही एकदम.

"चल घरी," मी म्हटलं. "नोटरी येतील. बोलू."

"मी तुझ्यावर रुसले नाही. ज्याच्यावर रुसलेय त्याने यावं."

"त्यांचे गुडघे, आई."

"गुडघे त्यांचे, राग माझा."

मी बाबांना फोन केला. "आजोळच्या घरात आहे ती. तुम्ही न्यायला या म्हणते."

"मी? एवढा उतार? त्यापेक्षा तिला सांग, साखर घरात आहे, येऊन बघ म्हणावं."

"असं नसतं बाबा. तुम्हीच हिशामला सांगितलं होतं, असं नसतं म्हणून."

बाबा म्हणाले, "नोटरींना चहा कोण देणार? किटली पालथी आहे," आणि फोन ठेवला.

आम्ही थांबलो. स्वयंपाक्याने आईचे पाव भाजून आणले, तीन टोचे आणि मधे एक चीर. सोबत ऑलिव्ह, लोणी, पुदिन्याचा चहा. आईने पाव तोडून सगळ्यांना वाटले, सुकैनालाही, कारण घरात आलेल्याला न वाढता बसायची तिला सवय नव्हती. गुस्ताव्हने दोन पाव खाल्ले आणि मला विचारलं, "हा भाग रोजच्या फेरीत असतो?" मी म्हटलं, "कधीकधी." रेमेदियोस गालातल्या गालात हसली. तिला एव्हाना सगळं कळलं होतं, भाषेचा एक शब्दही न कळता.

दुपारची बांग झाली. आता नोटरी निघाले असतील, आमच्या दारात मोठी कडी वाजवतील. बाबा सही करतील की नाही, ते येतील की नाही, आई उठेल की नाही, काही सांगता येत नव्हतं. मी दारात जाऊन परत येत होते. आई म्हणाली, "बस गं. पाय दुखतील." मी बसले आणि पुन्हा उठले.

मग गल्लीच्या तोंडाशी "बाजू, बाजू" ऐकू आलं. खेचर वळलं. एका बाजूला गॅसच्या दोन टाक्या, दुसऱ्या बाजूला दोन टाक्या, आणि मधे बाबा. अंगावर लग्नाकार्याचा पांढरा जेल्लाबा, डोक्यावर लाल टोपी, काखेत निळ्या कागदातली साखरेची ढेप. जिन्यावरून घसरल्यापासून पहिल्यांदाच ते गल्लीबाहेर आले होते. तोंडावर राग आणायचा प्रयत्न चालला होता, पण दुकानदार बाबांचं नाव घेऊन "सी तहामी, कुठे निघाली वरात?" असं ओरडत होते आणि त्यांचा चेहरा राग धरून ठेवत नव्हता.

खेचरवाल्याने त्यांना उतरवलं. ते दारापाशी आले. उघडं होतं दार, तरी त्यांनी मोठ्या कडीला हात घातला, कारण आज ते घरचे नव्हते, अर्जदार होते. कडी हलली नाही. त्यांनी काठी उचलून दारावर दोनदा मारली.

"कोण?" आतून आई म्हणाली.

"तहामी," बाबा म्हणाले. "ऐन अझलितनच्या गल्लीतला."

मी त्यांना धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं, चहा दिला. ढेप त्यांनी मांडीवर ठेवली. बाबा आजूबाजूला बघत होते. ज्याने विचारायचं तो माणूस त्या घरात नव्हता. आजोबा नव्हते, मामा नव्हते. होती ती सुकैना, आणि तिला विचारायचं होतं की टाक्यांचं खेचर दारातून कधी हलणार.

"माझ्याकडून बोलायला कुणी उरलं नाही," आई जिन्यातून म्हणाली. "नुफिसा, तू बोल."

"मी? घर विकायला निघालेय ती मी."

"म्हणूनच."

मी बाबांसमोर बसले. आजोबा जिथे बसायचे म्हणतात, त्या बाजूला. रोज शंभर माणसांसमोर बोलणारी बाई मी, आणि एक वाक्य निघेना. शेवटी म्हटलं, "सी तहामी, आमच्या मुलीला काय कमी केलंत?"

बाबांनी टोपी काढली. मला वाटलं काहीतरी विनोद करून उडवून लावतील. तसं झालं नाही.

"कमी काही केलं नाही, असं वाटत होतं," ते म्हणाले. "खायला दिलं, ल्यायला दिलं, कधी आवाज चढवला नाही. पण घर विकायचं ठरलं तेव्हा मी पोरीशी बोललो, गवंड्याशी बोललो, दलालाशी बोललो. अलालशीही बोललो, भट्टीवरच्या. हिच्याशी नाही बोललो. मला वाटलं, ही आहेच." त्यांनी ढेपेवरचा कागद चाचपला. "चूक माझी. तुमची अट सांगा."

अट माहेरच्यांनी घालायची असते. सगळे माझ्याकडे बघत होते. डोळ्यांसमोर ती हातगाडी उभी राहिली, बाबांचे दाबलेले ओठ. मग त्या हॉटेलच्या दाराच्या ठोकून ठेवलेल्या कड्या दिसल्या. पुढच्या वर्षी आमच्या दाराच्याही अशाच चकचकीत होतील, आणि मी तिथे पाहुण्यांना सोडून म्हणेन, 'हे एका शिंप्याचं घर.'

"घर विकायचं नाही," मी म्हटलं. "आणि गच्चीच्या जिन्याला पाय लावायचा नाही. खालच्या खोलीत झोपायचं. छत ह्याच उन्हाळ्यात दुरुस्त करायचं. आणि आठवड्यातून दोनदा खेचरावर बसून बाहेर पडायचं."

"टाक्यांसकट?" बाबांनी विचारलं.

"टाक्यांसकट."

"कबूल," बाबा म्हणाले आणि ढेप माझ्या हातात दिली. जड होती. आई पायरीवरून उठली, जेल्लाबा झटकला, रिकामी फळी काखेत घेतली. जाता जाता सुकैनाला म्हणाली, "कड्या सैल कर गं त्या. कुणी येईल." मग माझ्या कानाजवळ, "नोटरींना मी बघते, त्यांना बिस्किटं करून घालते नि परत पाठवते. साखर ठेव तुझ्याकडे, फोडू नकोस." बाबा खेचरावर, आई पुढे, खेचरवाला मागून ओरडतोय, अशी ती वरात चढावर दिसेनाशी झाली.

हॉटेलवाल्याला मी लगेच फोन केला. तो खूप बोलला. ऐकून घेतलं.

मग गुस्ताव्हला त्याचे हौद दाखवले. नाकाला पुदिना धरून तो गच्चीवर अर्धा तास उभा होता आणि समाधानाने खाली आला. निरोप घेताना रेमेदियोस म्हणाली, "तुमच्या पिशवीत काय आहे एवढं जड?" मी म्हटलं, "साखर." ती म्हणाली, "कुणासाठी?" मी म्हटलं, "अजून ठरलं नाही."

संध्याकाळी बाब बूजलूदबाहेर नव्या शहराची बस उभी होती. हिशाम घरी आला असेल, टीव्ही लावला असेल, माझ्याकडे बघणार नाही आणि मीही त्याच्याकडे बघणार नाही. कंडक्टर ओळखीचा, त्याने विचारलं, "येताय ना, लल्ला नुफिसा?" मी नाही म्हटलं आणि परत उतार उतरले. भट्टीपाशी अलाल म्हणाला, "काय गं, विकलंत?" मी त्याला उत्तर दिलं नाही, उद्यापर्यंत त्याला कळेलच.

आमच्या दारात उभी राहिले. पिशवीचा पट्टा खांद्यात रुतला होता. लहान कडी वाजवली. आतून कुणी "कोण?" असं विचारलं नाही.